दर शनिवारी वस्तीत

स्वच्छता उपक्रमासाठी खराटे घेतलेली सातवीची मुलं मागे, त्यांची शिक्षिका मेघा पुढे. सिंदी मेघे गावातल्या शाळेलगतच्या वस्तीत ती वळली आणि थबकलीच. गल्ली लख्ख झाडलेली... ओला सडा, वर ताजी रांगोळी!

नळावर हंडा भरणारा तरुण हसला. "शाळा येनार म्हनून बायांनी पहाटेच झाडलं, मॅडम. पाहुण्याले कोणी झाडू देते का?"

मेघाचे कान तापले. "मग आम्ही काय करायचं?"

"विहारातल्या अभ्यासिकेत पोरं अपूर्णांकावर अडून राह्यली. शिकवता?"

तो अश्वजित, सेवाग्रामच्या दवाखान्यात एक्स-रे काढणारा. त्या दिवसापासून दर शनिवारी सातवीची मुलं वस्तीतल्या लहानग्यांना गणित शिकवू लागली. वस्तीनेही हात आखडता घेतला नाही. बायांनी शाळेतल्या मुलींना वाकळ शिवायला शिकवली. अश्वजितने शाळेचे गळके नळ नीट केले.

"हा नळ तुम्ही मागच्या शनिवारीही केला होता," मेघा एकदा म्हणाली.

"हो ना. गळून नाई राह्यला... काऊन गळत नाई, ते पाहाले आलो."

तिने ओढणीआड हसू लपवलं.

मार्च सरताना मुख्याध्यापक प्रभाकररावांनी सांगितलं, "पुढच्या वर्षी दुसरी वस्ती. उपक्रमाची पद्धतच तशी आहे."

मेघाने ते सांगितलं, तेव्हा अश्वजितने हातातला पाना खाली ठेवला. "म्हंजे यायचं कारण संपलं."

"शाळेचं."

"अन् तुमचं?"

ती सरळ प्रभाकररावांकडे गेली. "सर, ओळख व्हायलाच वर्ष गेलं. आता सोडलं तर आपण फोटोपुरतेच गेलो होतो, असं होईल. त्या लोकांनी आपल्याला किती दिलंय!"

"पण दरवर्षी सांभाळणार कोण? तुम्ही उद्या लग्न करून नागपूरला जाल."

"नाही जाणार. मी लग्न करून इथंच, त्या वस्तीतच राहणार आहे."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. प्रभाकररावांनी चष्मा काढला, पुसला. "असं होय! मग चालू ठेवा."

संध्याकाळी विहाराच्या पायरीशी अश्वजित भेटला.

"पुढच्या वर्षीही हीच वस्ती," मेघा म्हणाली. "पण सरांना एक शब्द देऊन आलेय... तुमच्या वतीनंही."

तिने सगळं सांगितलं. तो मान वळवून घराकडे ओरडला, "आई! बाहेर ये. तू दिवाळीपासून जे इचारून राह्यली ना – त्याचं उत्तर आलं!"

पदराला हात पुसत सुलोचनाबाई आल्या. त्यांनी मेघाचे दोन्ही हात हातात घेतले. मेघा त्यांच्या पाया पडायला वाकली, आणि तिच्या ओठांवर एकच शब्द आला –

"आभार..."

"आभार काय मानतं, पोरी," सुलोचनाबाई म्हणाल्या. "घरात चाल."