सव्वीस पावलं

वॉर्म-अपच्या मैदानावर प्रत्येक देशाच्या तंबूत एक खुर्ची असायची, आणि त्या खुर्चीत एक मुलगी नुसती बसलेली असायची. अंगात संघाचा पूर्ण पोशाख, पायात स्पाइक्स, नाड्या घट्ट बांधलेल्या, आणि काम काय, तर हलायचं नाही. तिच्याभोवती चटईवर चौघीजणी अंग ताणत, गप्पा मारत, केळी खात अर्धा तास काढायच्या. मग त्या चौघी रिले धावायला जायच्या आणि ही उठून खुर्ची मिटवून ठेवायची.

भारताच्या तंबूतल्या खुर्चीत तीन वर्षं हर्षली भोये बसत होती. सुरगाण्याकडची पोर, वय सत्तावीस. शंभर मीटर साडेअकरा सेकंदांत मारायची, आणि अजूनही मारत होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोकांना वाटायचं की जिला धावता येत नाही तिला खुर्चीत बसवतात. कपाळ! धावता येत होतं म्हणून तर ती संघात आली होती. पण या तीन वर्षांत एकाही मोठ्या शर्यतीत बॅटन तिच्या हाताला लागला नव्हता. ही आशियाई स्पर्धा तिची शेवटची. डिसेंबरात निवृत्ती, मग गावाकडच्या आश्रमशाळेत क्रीडाशिक्षिकेची नोकरी. तसे कागदही झाले होते.

हे सगळं सुरू झालं ते थोपटे सरांच्या वहीपासून.

थोपटे सर रिलेचे प्रशिक्षक. संगणकावर भरवसा नसलेला माणूस. पाचगणीच्या पठारावरच्या सराव केंद्रात ते रोजचा सराव शाळेच्या दोनरेघी वहीत लिहायचे. डॉ. गौतमी ओगले शरीरशास्त्रज्ञ. खेळाडूचा फॉर्म अचानक का येतो आणि अचानक कुठे जातो, हे शोधायला त्या तिथे आल्या होत्या. रक्त तपासून झालं, झोप मोजून झाली, जेवणातल्या भाकऱ्यासुद्धा मोजून झाल्या. हाती काही लागेना. शेवटी एके दिवशी वैतागून त्यांनी ती वही मागितली.

"सर, ही चोवीस आणि सव्वीसची काय भानगड आहे? प्रत्येक पानावर आहे."

"पट्टी हो, मॅडम," थोपटे म्हणाले. "रिलेत बॅटन घेणारी मागे बघत नाही. बघितलं की वेग मेलाच. म्हणून ती आपल्या मागे ट्रॅकवर चिकटपट्टी लावते, स्वतःच्या पावलांनी मोजून. मागची त्या पट्टीवर आली की ही सुसाट सुटायची. मागचीने 'हात!' म्हणून ओरडलं की न बघता हात मागे करायचा. मागून येणारी जितकी वेगात, तितकी पट्टी लांब."

"मग मुली त्याच, तरी कधी चोवीस पावलं, कधी सव्वीस?"

"फॉर्म! असतो काही दिवस, नसतो काही दिवस. देवाची करणी."

ओगले मॅडमनी देवाला बाजूला ठेवलं आणि वहीच्या शेजारी हजेरीपुस्तक ठेवलं. त्या वर्षी हर्षलीचा घोटा सारखा सुजायचा. सव्वीस लिहिलेल्या प्रत्येक दिवशी ती घोट्याला बर्फ बांधून कडेला बसलेली होती. ज्या दिवशी ती स्वतः धावली किंवा गावी गेली, त्या दिवशी चोवीस. एकही अपवाद नाही. मॅडमना त्या दिवशी जेवण गेलं नाही म्हणतात.

पुढे आठ महिने खपून त्यांनी जे शोधलं ते असं. लाखात एखाद्या माणसाच्या उच्छ्वासात एक द्रव्य असतं. मॅडमनी त्याला नाव दिलं चेतक. शेजारी बसलेल्याच्या श्वासातून ते आत जातं आणि त्याच्या मज्जातंतूंना चेतवतं. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत एरवीपेक्षा लवकर पोहोचतो. अर्धा तास शेजारी बसलं की परिणाम चढतो आणि पुढे जेमतेम चाळीस मिनिटं टिकतो. चेतक बाटलीत भरून ठेवता येत नाही, क्षणात विरून जातो. प्रयोगशाळेत बनवलेला टिकाऊ चेतक उत्तेजक ठरवून त्यावर बंदी आली. पण शेजारी बसण्यावर बंदी कोण आणि कशी घालणार?

"आणि माझं काय?" हर्षलीने तेव्हा विचारलं होतं. "माझाच श्वास, मग मी का जोरात पळत नाही?"

"आपल्या घरातला फोडणीचा वास आपल्याला येतो का?" मॅडम म्हणाल्या. "पाहुण्याला येतो. तुझ्या नसांना त्याची जन्मापासून सवय आहे. आणि तू धावायला लागलीस की तो तुझ्या शरीरातच जळून जातो, श्वासात उतरतच नाही. तू स्वस्थ बसलीस तरच तो इतरांना मिळतो."

"म्हणजे विरजण की हो!" थोपटे सर मांडी थोपटत म्हणाले. "चमचाभर घातलं की पातेलंभर दही."

ते नाव चिकटलं ते चिकटलंच. वर्षभरात जगातल्या प्रत्येक संघाने आपापलं विरजण शोधून काढलं आणि खुर्च्या मांडल्या.

हर्षलीच्या मनात मात्र तेव्हापासून एक काटा रुतून बसला होता. निशात मुजावर ही तिची मैत्रीण. मिरजेची, संघातली सर्वांत वेगवान, शेवटचा टप्पा धावणारी. विरजणाचा शोध लागायच्या कितीतरी आधीपासून निशात प्रत्येक शर्यतीआधी हर्षलीच्या पुढ्यात येऊन बसायची. "घाल गं वेणी, तुझ्याच हातची घट्ट बसते." हर्षली वेणी घालायची. त्या अर्ध्या तासात घरच्या, दारच्या, लग्नाच्या, न झालेल्या लग्नाच्या सगळ्या गोष्टी व्हायच्या.

"मॅडम, खरं सांगा," हर्षलीने एकदा धीर करून विचारलं होतं. "ती माझ्याकडे यायची, ते कशाला? शरीराला आपोआप कळतं का, इथं काहीतरी मिळतंय म्हणून?"

ओगले मॅडमनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. "कळत असेलही. पण तिला विचारून उपयोग नाही. तिलाही ते माहीत नसणार."

आता त्या अंतिम शर्यतीच्या दिवसाकडे येऊ.

शर्यत संध्याकाळी सहाला होती. साडेचारला तिसऱ्या टप्प्याची केतकी मैदानावर हलकं पळता पळता मांडी धरून खाली बसली. स्नायू गेला. फिजिओने मान हलवली. संघाची अंतिम यादी पाचपर्यंत द्यायची होती. राखीव दोघीच, खुर्चीतली हर्षली आणि सहावी घोलप. घोलप गुणी पोरगी, पण हर्षलीपेक्षा तीन दशांशांनी हळू.

थोपटे सरांनी मॅडमना बाजूला घेतलं, पण तंबू केवढासा तो, सगळं ऐकू येत होतं.

"घोलप धावली आणि हर्षली बसली, तर बेचाळीस पूर्णांक आठ," मॅडम म्हणाल्या. "सुवर्ण. निदान रौप्य तरी नक्की. हर्षली धावली तर ती वॉर्म-अप करणार, विरजण संपलं, बाकीच्या तिघी आपल्या मूळ वेगावर येणार. त्रेचाळीस पाच. पाचवा नंबर."

"मग ठरलं," सर म्हणाले आणि कागद घेऊन खुर्चीपाशी आले. "पोरी, सही कर."

सहीचं असं होतं की विरजणांवरून मध्यंतरी बरीच बोंबाबोंब झाली, आणि प्रत्येक शर्यतीआधी बसणाऱ्या मुलीची लेखी संमती घ्यायची असा नियम निघाला. हर्षलीने तेव्हापासून एकसष्ट सह्या केल्या होत्या. न वाचता.

या वेळी तिने पेन घेतलं नाही.

"सर, मला धावायचंय."

"अगं, आत्ता? आत्ता हे काय काढलंस?"

"आत्ता नाही तर कधी काढू? मी सही केली नाही तर मला बसवता येत नाही. आणि मी बसले नाही, तर उरलेल्यांत केतकीच्या जागेवर सगळ्यांत वेगवान मीच आहे. बघा हिशेब करून." तिने कागद सरांकडे परत सरकवला. "आई फोनवर विचारते, टीव्हीवर तू कुठं असतेस गं? मी म्हणते, खुर्चीत. ती म्हणते, दमली होतीस का? सर, मी दमले नाहीये हो. मी तीन वर्षांत एकदाही दमले नाहीये!"

थोपटे सरांनी हात जोडले. मग रागावले. मग पुन्हा हात जोडले. "देशाचं पदक आहे गं ते," म्हणाले. हर्षली रडत होती आणि रडता रडताच तिने जॅकेटची चेन उघडून ते खुर्चीवर टाकलं. पाचला चार मिनिटं कमी असताना सरांनी यादीत तिचं नाव लिहिलं. राग त्यांच्या अक्षरात दिसत होता, पेनाने कागद फाटला.

शर्यतीआधी धावपटूंची हजेरी घेतात त्या कॉल रूममध्ये जाण्याआधी हर्षलीने निशातला गाठलं. "निशात, पट्टी आज चोवीसवर लाव. मी केतकीच्या वेगाने येणार नाहीये. आज सगळ्याच तशा येणार नाहीयेत."

निशातने तिच्याकडे पाहिलं. तिला हे लागलं. तीन वर्षांत पेपरांनी तिला वाघीण म्हटलं होतं, मिरजेच्या चौकात तिचा फलक लागला होता. "म्हणजे आम्हाला तुझ्याशिवाय पळताच येत नाही, असं का?" ती म्हणाली. "माझे पाय माझे आहेत, हर्षू."

आणि तिने ट्रॅकवर जाऊन पावलं मोजली आणि पट्टी सव्वीसवर चिकटवली. जाणत्या धावपटूने कधी करू नये अशी चूक, पण तेव्हा तिच्या मनात पावलांचा हिशेब नव्हता.

बंदूक वाजली. पहिल्या दोघी जीव तोडून धावल्या आणि पाचव्या राहिल्या. हर्षलीच्या तळहातावर बॅटन आदळला. केवढंसं ते नळकांडं, पण तिने ते असं आवळलं की नखं तळव्यात गेली. तिसरा टप्पा म्हणजे वळण. त्या वळणावर तिने एकीला मागे टाकलं. चौथी! तिसरी अगदी हाताशी आलेली. समोर पट्टी दिसत होती आणि पट्टीवर पाय पडताच निशात सुटली. फार लवकर सुटली. हर्षलीला दोन पावलं कमी पडत होती आणि ती दोन पावलं काही केल्या भरून येत नव्हती.

"हात!" ती ओरडली. हात मागे आला, पण पोहोचेना. "निशात, हात!"

बॅटन बदलायची हद्द संपायला हातभर उरलं तेव्हा निशातने मान वळवून मागे पाहिलं आणि वेग तोडला. बॅटन गेला. तोवर दोघी पुढे निघून गेल्या होत्या. भारत सहावा.

तंबूत सगळ्या आपापल्या बॅगा भरत राहिल्या. निशात तर हर्षलीच्या अंगावरून पाणी घ्यायला गेली, तीही दुसरीकडे बघत. रात्री जेवणाच्या टेबलावर हर्षलीच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आईचा फोन आला. आई इतकी खूश होती की शर्यतीचा निकाल काय लागला हे विचारायलाच विसरली. "किती जोरात पळतेस गं बाई तू!" एवढंच म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षली मैदानामागच्या पायऱ्यांवर एकटीच बसली होती. तळव्यावर नखांचे चार लाल चंद्र उमटले होते, ते ती पुन्हा पुन्हा बघत होती. आनंद होता, आणि लाजही वाटत होती. दोन्ही एकदम इतकं वाटत होतं की तिला एका जागी बसवेना. उठायची, चार पायऱ्या चढायची, परत येऊन बसायची.

पाऊल वाजलं. निशात होती. ती खालच्या पायरीवर, हर्षलीच्या पुढ्यात येऊन बसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "चोवीसच घ्यायला हवी होती. रात्रभर झोपले नाही मी."

"जाऊ दे गं," हर्षली म्हणाली.

"नाही जाऊ देणार. माझ्यामुळे तुझी शर्यत गेली." निशातने मागे रेलून डोकं तिच्या गुडघ्यांवर टेकवलं. "घाल गं वेणी. तुझ्याच हातची घट्ट बसते."

हर्षलीचे डोळे भरून वाहू लागले. तिला इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. तिने केस मोकळे केले, तीन पेड पाडले, पहिला वळसा घातला. मग केस सारखे करताना निशातच्या जॅकेटची कॉलर जरा बाजूला झाली आणि आत छातीवर टाचण्यांनी लावलेला नवा नंबर दिसला.

तिचे हात थांबले.

"निशात, तुझी दोनशे मीटरची फायनल किती वाजता आहे?"

"पाच वाजून दहा मिनिटांनी." निशातचे डोळे मिटलेले होते. ती शांतपणे, खोल श्वास घेत होती. "वेळ आहे गं अजून. बसू दे ना थोडं."

हर्षलीने समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. ती उठली नाही. केसांचे तीन पेड हातात धरून तिने श्वास रोखला. छाती भरून आली, कानात ठोके वाजू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. निशात तशीच डोळे मिटून रेललेली होती.

शेवटी हर्षलीला श्वास सोडावाच लागला. मग ती वेणी घालू लागली.