दोरीवरचा तिसरा मजला

आखातात, मनामा शहरातल्या माहूजच्या त्या भागात तेव्हा इमारत बांधायची, तर आधी तिची उंची हवेत दाखवावी लागे. प्लॉटच्या चार कोपऱ्यांवर लाकडी खांब रोवायचे, जिथे गच्ची येणार तिथे लाल चिंध्या बांधलेली दोरी ताणायची आणि दोन आठवडे ती तशीच ठेवायची. शेजाऱ्यांनी मान वर करून पाहावं, हरकत असेल तर सांगावी. १९७८च्या मे महिन्यात हे काम रत्नागिरीच्या गनीकडे आलं.

गनी खुशीत होता. ठेकेदाराने त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या कबूल केल्या होत्या. खोल्या मिळाल्या की फॅमिली व्हिसा, आणि व्हिसा मिळाला की जमीला. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि त्यात संसार झाला तो जेमतेम तीन महिन्यांचा. पण गडी उतावळा. खांब उभे राहिले त्याच दिवशी त्याने घरी पत्र टाकलं: घर तयार आहे, तिसरा मजला, खिडकीतून समुद्र दिसतो. आखातातला कुठला नवरा पत्रात सगळं खरं लिहितो?

तेराव्या दिवशी दुपारी धुळीने आभाळ पिवळं झालं होतं. गनी खांबांचे ताण तपासत असताना त्याच्या हातावर पाण्याचा थेंब पडला. थेंबाला साबणाचा वास होता. त्याने वर पाहिलं. तीसेक फुटांवर, त्या दोरीवर, एक ओली हिरवी ओढणी वाळत होती.

"वाऱ्याने आली असेल," सोबतचा ड्राफ्ट्समन आलोशियस म्हणाला. तो वसईचा. मग त्याचा आवाज खाली आला. "पण चिमटे... चिमटे कोणी लावले रे?"

गनीने ओढणी ओळखली. ती त्यानेच मनामाच्या बाजारातून जमीलाला पाठवली होती. तो घाबरला, आणि लाज वाटावी इतका आनंदही त्याला झाला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या रुकय्या नावाच्या म्हातारीने हरकत घेतली. उन्हाळ्यात तिच्या लेकीसुना गच्चीवर झोपत. तिसऱ्या मजल्यावरून सगळं दिसलं असतं. हरकत रास्त होती. दोनच मजले मंजूर झाले आणि खांब कापून तेवढ्याच उंचीचे ठेवायचा हुकूम आला. खोल्या गेल्या. व्हिसाही गेला.

संध्याकाळी गनी शिडीवर चढून करवत चालवू लागला. डोक्यावर बांगड्या किणकिणल्या. कोणीतरी भांडी लावत होतं.

"आलोशियस... वर कोण आहे?"

"कोणी नाही. खलास कर, गनी. लवकर."

"तिला आधी उतरू दे..."

"कोणाला?"

गनीने डोळे मिटून करवत ओढली. चौथ्या खांबाचा वरचा तुकडा पडला तसा वरचा आवाज थांबला.

तीन आठवड्यांनी जमीलाच्या भावाचं, ताहिरचं पत्र आलं. "गनीभाई, जमीला खात-पीत नाही. अंथरुणात बसून पायाने जमीन चाचपते. म्हणते, घर बघितलं, आवडलं, पण आता जिना सापडत नाही."

पत्र हातात घेऊन गनी प्लॉटवर धावला. "जमीला!" त्याने वर हाक मारली.

समोरचं दार उघडून रुकय्या बाहेर आली. मोडक्या हिंदीत, अगदी हळू म्हणाली, "उसको नीचे लाओ, भाई. बहुत रोता है. मेरा बहू लोग छत पे सोना छोड दिया."

गनीने भिंतीला टेकवलेली शिडी उचलली. ती दोन मजल्यांपुरतीच होती.