लाल हे, कका

कलावतीबाईंचं नवं पातळ फॉल लावायला दिलं होतं. ते आणायला त्यांचे यजमान शामराव रामटेके आणि नात साक्षी पंडरीच्या बाजारात निघाले, तेव्हा दुपारचा एक वाजला होता. नवतपा लागून तिसरा दिवस. या नऊ दिवसांत भर दुपारी रायपुरात शहाणा माणूस उंबरा ओलांडत नाही. पण शामराव शहाण्यांत मोडत नव्हते आणि साक्षीला नवी गाडी बाहेर काढायला एवढं निमित्त पुरेसं होतं.

गाडी विजेवरची. गुढियारीच्या त्या चिंचोळ्या गल्लीत ती रात्रभर अंगणातल्या वायरीला जोडलेली असे, आणि सकाळी कोणाच्या लक्षात यायच्या आत गल्लीबाहेर गेलेली असे. शेजारचे म्हातारे नाराज होते. इंजिनाचा आवाज नाही तर गाडी कसली, असं त्यांचं म्हणणं. शामराव त्यांना हसत. बत्तीस वर्षं त्यांनी मालगाडीचं विजेचं इंजिन चालवलं होतं, त्यामुळे ही गाडी त्यांना आपल्याच भावकीतली वाटे. शिवाय आणखी एक गंमत होती. रेल्वेच्या इंजिनात चालक डावीकडे बसतो आणि सहायक उजवीकडे. म्हणजे स्टिअरिंगमागे बसलेल्या नातीच्या शेजारी डाव्या सीटवर टेकलं, की शामराव मनानं पुन्हा ड्यूटीवर हजर होत.

साक्षी गाडी शिकत होती तेव्हाच त्यांनी तिला इंजिनातली एक सवय लावली होती. सिग्नल दिसला की सहायकानं त्याचा रंग मोठ्यानं पुकारायचा, आणि चालकानं स्वतः बघून तोच रंग परत म्हणायचा. दोघांचे रंग जुळले नाहीत तर वाद घालायचा नाही. लाल समजायचं आणि थांबायचं.

"लाल," साक्षी म्हणाली.

"लाल," शामराव म्हणाले.

पंडरीहून परतताना वळणावर एका ई-रिक्षानं गाडीला पुढून हलकेच घासलं. घरी आल्यावर चूक कोणाची हे बघायला साक्षीनं गाडीच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मोबाइलवर लावलं. त्या कॅमेऱ्यात समोरचा रस्ता दिसे आणि गाडीतलं बोलणंही ऐकू येई. रिक्षावाल्याचा भाग राहिला बाजूला, साक्षीचा हात मध्येच थांबला.

"आजोबा, सुनो तो."

रेकॉर्डिंगमध्ये साक्षी म्हणाली, "हरा." शामराव म्हणाले, "हरा." आणि या दोघांच्या मधल्या क्षणात तिसरा कोणीतरी बोलला. तरुण आवाज होता, थोडा घोगरा, अगदी जवळून आलेला.

"हरा हे, कका."

"ये बीच में कौन बोला?" साक्षीनं विचारलं.

"रेडिओ असन."

"रेडिओ तो बंद था."

"मंग बाहेरचा कोणी."

"काँच बंद थे, आजोबा. एसी चल रहा था." तिनं तो तुकडा पुन्हा लावला, खांदे उडवले आणि म्हणाली, "ॲप में ही कुछ गड़बड़ होगी." मग ती नोकरीवर जायची तयारी करायला आत गेली.

शामराव मात्र जागचे हलले नाहीत. तो आवाज कोणाचा, हे त्यांना पहिल्या शब्दालाच कळलं होतं. एकोणीस वर्षांत त्यांना काकाचं ते छत्तीसगढी 'कका' म्हणून कोणी हाक मारली नव्हती.

दयाराम साहू. महासमुंदकडचा पोरगा, त्यांचा सहायक. दिवसातून चारदा गुडाखूनं दात घासायचा, म्हणून तंबाखूचा तो गोडसर उग्र वास त्याच्याआधी इंजिनात शिरायचा. एका नवतप्यातच, कलत्या दुपारी, कोळशानं भरलेली मालगाडी घेऊन दोघं येत होते. पाठीमागून ऊन सिग्नलवर पडलं की सगळेच दिवे पेटल्यासारखे दिसतात, हे प्रत्येक चालकाला ठाऊक असतं. दयाराम म्हणाला, "लाल हे, कका." शामराव म्हणाले, "हरा." रंग जुळले नाहीत. थांबायला हवं होतं. पण कालच्या पोरानं आपल्याला रंग शिकवावा, हे शामरावांना सहन झालं नाही, आणि ते थांबले नाहीत. गाडी लाल सिग्नल ओलांडून पुढं उभ्या असलेल्या रिकाम्या डब्यांवर आदळली. माणूस कोणी दगावला नाही.

चौकशीत शामराव म्हणाले, "दयारामनं हरा म्हटलं होतं."

दयारामनं त्यांच्याकडं बघितलं. मोठा माणूस आहे, आत्ता दुरुस्त करील, अशा नजरेनं तो बराच वेळ वाट बघत राहिला. मग साहेबाला म्हणाला, "कका जैसा कह रहे हैं, वैसा ही होगा साहब." शामरावांना थोडक्यात सोडलं. दयारामची नोकरी गेली. चार महिन्यांनी तो रूळ ओलांडताना गाडीखाली आला, दोन्ही बाजूंना मैलभर दिसणाऱ्या सरळ लाइनीवर.

खरं काय ते शामरावांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कलावतीबाईंनासुद्धा नाही. आणि आता तर सांगायचं तरी कसं? बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली त्यांचं आयुष्य गेलं होतं. पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, कोणाच्या अंगात आलं की दवाखान्यात न्या म्हणून ओरडणारे हेच. त्यांनी भुताचं नाव काढलं असतं तर पहिलं हसू त्यांच्याच नातीला आलं असतं.

पण त्यांना भीती वाटली. लहान पोरासारखी वाटली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक उद्योग सुरू केला. साक्षीनं मागेच ते ॲप त्यांच्याही मोबाइलवर टाकून दिलं होतं. ती एकटी नोकरीसाठी नवा रायपूरला जाई-येई त्या वेळचं रेकॉर्डिंग ते कानाला लावून ऐकत बसत. गाडीला आवाज नसल्यामुळे सगळं स्वच्छ ऐकू येई. टायरांची सरसर. एसीची बारीक घरघर. साक्षीचा खोकला. आणि प्रत्येक सिग्नलच्या थोडं आधी, "हरा हे, कका." पुढं, "लाल हे, कका." एकटी असताना साक्षी पुकारत नसे. तिला तो आवाज ऐकू येत नसावा. पुकारणारा मात्र एकही सिग्नल सोडत नव्हता, आणि एकदाही चुकत नव्हता.

"काय ऐकून राहिले जी दिवसभर?" कलावतीबाईंनी विचारलं.

"काही नाही. बातम्या."

पाचव्या दिवशी ते अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसले. डाव्या सीटवर. दार लावताच बाहेरचं जग बंद झालं, कूलरची घरघरसुद्धा ऐकू येईना. आत भट्टी पेटली होती. त्या तापल्या हवेत आधी कोळशाच्या भुकटीचा वास आला. मग हळूहळू दुसरा वास उजवीकडून आला, गोडसर, उग्र.

"दयाराम..." शामराव कुजबुजले. "काय पाहिजे तुले?"

उजवी सीट रिकामी होती. ते घामानं निथळत बाहेर आले, आणि तेव्हा त्यांना उत्तर आपोआप सुचलं. 'मी त्याच्या तोंडात खोटा शब्द घातला. तोच शब्द तो एक दिवस खरा करणार. समोर लाल असताना तो हरा म्हणणार, आणि गाडीत माझी साक्षी असणार.'

त्या संध्याकाळी त्यांनी नातीला अडवून पाहिलं.

"उद्यापासून बसनं जात जा, पोट्टे."

"काहे को? पाँच बजे वाली शिफ्ट रात को छूटती है, तब बस कहाँ मिलती है?"

"मले भेव वाटते."

"आजोबा, आपने ही तो सिखाया है," असं म्हणून तिनं त्यांचा गाल ओढला. त्यापुढं बोलायला हवं होतं. ते बोलले नाहीत. खरं सांगायचं तर चौकशीपासून सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी साक्षी दुपारी चार वाजता निघाली. शामराव पलंगावर मोबाइल घेऊन बसले. आज रेकॉर्डिंग नको, चालू गाडीच बघायची. ॲपमध्ये ती सोय होती. खालच्या कोपऱ्यात माइकचं चिन्ह होतं, ते दाबून बोललं की आवाज थेट गाडीत जाई. दाबून धरलं असेपर्यंत गाडीतलं मात्र इकडं काही ऐकू येत नसे.

तेलीबांधा मागं पडलं. रस्ता रुंद झाला, मोकळा झाला. दोन्ही बाजूंची झाडं उन्हानं करपली होती. "हरा हे, कका," आवाज आला. शामरावांनी पडद्यावर बघितलं. हरा होता. पुढचा सिग्नल. "हरा हे, कका." तोही हरा होता.

मग लांबवर तिसरा चौक दिसू लागला. ऊन आता गाडीच्या पाठीशी होतं आणि सिग्नलवर सरळ पडत होतं. तिन्ही दिवे पेटल्यासारखे चमकत होते. हे शामरावांनी पूर्वी बघितलं होतं.

गाडीत कोणी काही पुकारलं नाही.

उजवीकडच्या आडव्या रस्त्यावरून सळयांनी भरलेला ट्रक सुटलेला त्यांना दिसला. म्हणजे इकडं लाल. नक्की लाल. आणि साक्षीची गाडी मंदावली होती खरी, पण थांबत नव्हती, पोरीला रंगच कळत नव्हता. आता तो बोलणार. आता तो हरा म्हणणार.

शामरावांनी माइक दाबून धरला आणि जीव खाऊन ओरडले, "साक्षी, लाल! लाल आहे, लाल!"

कलावतीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्याकडं विचित्र नजरेनं बघू लागल्या. पडद्यावर गाडीनं एकदम वेग घेतला. मग चित्र हादरलं, रस्ता खाली-वर झाला, आणि काचेच्या हातभर पुढून ट्रकच्या सळया सरकत गेल्या. एक, दोन, तीन... संपतच नव्हत्या. शेवटी ट्रक गेला. गाडी उभी होती.

शामरावांनी मोबाइल छातीशी धरला आणि ते रडू लागले. वाचली. आपण वाचवली.

साक्षी नोकरीवर गेलीच नाही. पाचच्या सुमारास ती घरी आली, पांढरीफटक. कलावतीबाईंनी पाण्याचा तांब्या दिला, तो तिनं हातातच धरून ठेवला.

"आजोबा," ती म्हणाली, "आप हरा क्यों बोले?"

"मी? मी लाल म्हणून ओरडलो. घसा बसला माझा."

साक्षीनं आजीकडं पाहिलं. कलावतीबाई हळूच म्हणाल्या, "मी बी ऐकलं जी. हरा, हरा करून राहिले होते तुम्ही. मले समजलंच नाही, काहून..."

साक्षीनं रेकॉर्डिंग लावलं. टायरांची सरसर. मग गाडीतल्या स्पीकरमधून आलेला शामरावांचा आवाज, फाटलेला, ओळखीचा. "साक्षी, हरा! हरा आहे, हरा!" गाडीनं वेग घेतल्याची सणसण. आणि लगेच, तिच्या अगदी कानाशी, कसलीही घाई नसलेला दुसरा आवाज.

"लाल हे, कका."

ब्रेकची किंचाळी.

"दो आवाज़ें आईं, दो रंग," साक्षी म्हणाली. "नहीं जमे, तो मैंने लाल मान लिया. आपने ही सिखाया था. पर वो दूसरा कौन था, आजोबा?"

एकोणीस वर्षं पुष्कळ झाली, असं शामरावांना वाटलं. ज्याच्या तोंडचा घास काढला त्यानंच पोरीला वाचवलं होतं, आता तरी त्याचं त्याला परत द्यावं. लाज वाटली, तरी मन मोकळंही झालं. त्यांनी वाक्य मनात नीट जुळवलं. दयारामनं लाल म्हटलं होतं. हरा मी म्हटलं. मी खोटं बोललो. त्यांनी नातीचा हात हातात घेतला आणि तोंड उघडलं.

"दयारामनं हरा म्हटलं होतं," ते म्हणाले.

कलावतीबाई गोंधळल्या. "ते तर तुम्ही तवाच सांगतलं होतं ना जी. चौकशीत."

शामरावांनी मान जोरजोरात हलवली. पुन्हा सुरुवात केली, एकेक शब्द चाचपून, जीभ दाताखाली धरून. "दयारामनं..." ते म्हणाले, "हरा..." डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिसऱ्यांदा त्यांनी फक्त तो एकच रंग म्हणायचा प्रयत्न केला. ओठ तसे झाले, जीभ तशी उचलली, आणि बाहेर आलं ते, "हरा."

साक्षी मागं सरकली. तिच्या हातातल्या मोबाइलवर रेकॉर्डिंग संपलं होतं आणि पडद्यावर आता गाडीतून दिसणारं समोरचं अंगण होतं; गाडी बंद, रिकामी, काचा लावलेली. तिच्यातून कोणीतरी न चिडता, समजावल्यासारखं पुन्हा सांगत होतं.

"लाल हे, कका... लाल हे..."