पलंग नसलेलं घर

"माझ्या नवऱ्याला मालवाहू ठरवलंय त्यांनी!"

दार न वाजवता आत आलेल्या बाईंनी पिशवी टेबलावर आदळली. बापूच्या कपातला चहा त्याच्या शर्टावर आला. काकूंनी खुर्ची पुढे सरकवली. खासगी तपासाच्या धंद्यात त्यांनी संतापलेली माणसं खूप पाहिली होती. त्यांचा पुतण्या बापू अजून प्रत्येकाला दचकत असे.

"नवऱ्याला की गाडीला?" काकूंनी विचारलं.

"एकच झालं! व्हॅन होती आमची. मागं पलंग, टेबल, शेगडी. सुट्टीत तेच आमचं घर. परवा हे एकटेच निघाले, उतारावर कठड्यावर आदळले आणि गेले. आता विमावाला म्हणतो, गाडीत पलंग नाही, म्हणजे फिरतं घर नाही, मालवाहू. मालवाहूला वेगमर्यादा कमी. म्हणून दोष ह्यांचा! उद्या तसा अहवाल जाणार."

"पलंग होता ना?"

"होता म्हणजे? माझे गुडघे धरतात म्हणून गेल्या महिन्यात धाकट्या दिरानं हलवून दाराशी बसवला. सुतार आहे तो."

"मग गेला कुठं?" बापूनं विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं. मी काय चहा प्यायला आलेय?"

बाई दोघांना मोडक्या गाड्यांच्या आवारात घेऊन गेल्या. तिथं व्हॅन उभी होती, तोंड चेपलेली. आवारवाला गुरगुरला, "माझ्याकडून खिळा चोरीला जात नाही. ह्यांच्या घरचे लोक सामान न्यायला आले होते. त्यांना कोण अडवणार?"

'हाच चोर,' बापूनं मनात ठरवून टाकलं.

काकू आत शिरल्या. पितळी शेगडी दोन चापांत जागच्या जागी होती. दाराजवळच्या तळावर पलंगाच्या स्क्रूंची भोकं होती. एका भोकात त्यांनी नख रुतवलं. भोकं बुजवायची लांबी भरलेली होती, अजून मऊ. बाकीची भोकं उघडीच.

"बापू, खाली वाक. इथंच, गाडीखाली काय दिसतं?"

पोट सावरत बापू वाकला. "रंग पोपडे धरून निघालाय. शेजारी बारीक नळी, चिकट. पावसानं असेल."

"एवढ्याच जागी पडला का रे पाऊस?"

तेवढ्यात कडक इस्त्रीचा विमा-तपासनीस आला. "पक्का पलंग, टेबल, शेगडी. एक जरी नसलं तरी मालवाहू. मी आलो तेव्हाच पलंग नव्हता."

"गाडीखाली पाहिलंत?"

"गरज काय? वर्ग मालवाहू, वेग जास्त. प्रकरण स्पष्ट."

"तुमच्या रकान्यात मेला का हो माझा माणूस?" बाई कडाडल्या.

मागोमाग दीर आला, डोळे सुजलेले. "वहिनी, शांत व्हा. पलंग चोरीलाच गेलाय."

"चोरानं पितळी शेगडी ठेवून प्लायवूडचा पलंग नेला?" काकू म्हणाल्या. "हे साहेब दावा बुडवायला पलंग काढतीलही. पण मग एकच भोक लांबीनं का बुजवतील?"

तपासनीस लाल झाला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"त्या भोकाखाली काय आहे हे ज्याला ठाऊक होतं, त्यानंच ते बुजवलं. पलंग दाराशी बसवताना एक स्क्रू लांब लागला. तळ फोडून ब्रेकच्या नळीला घासत राहिला, नळी चिरली. ब्रेकचं तेल थेंबथेंब गळलं. ते तेल रंग खातं, म्हणून रंग तेवढ्याच जागी निघाला. उतारावर त्यांनी पाय दाबला असेल हो, जीव खाऊन दाबला असेल. ब्रेक लागलाच नाही."

बापूनं हळूच दिराकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"अपघातानंतर मी खाली बघितलं," तो पुटपुटला. "स्क्रू दिसला. घाबरलो. माझं काम कुणाला दिसू नये म्हणून पलंगच काढून नेला. पलंग काढला की गाडी मालवाहू होईल, दादावर ठपका येईल, हे देवाशपथ माहीत नव्हतं."

"आणि ठपका आल्यावर?" काकूंचा आवाज चढला. "तेव्हा तर कळलं ना?"

तो बाईंकडे वळला.

"वहिनी, मी सांगणारच होतो..."

"स्क्रूची चूक मी पोटात घातली असती रे," बाई म्हणाल्या. "पोरासारखा वाढवला त्यांनी तुला. तू त्यांना मेल्यावर गुन्हेगार होऊ दिलंस."

तो त्यांच्या पायांकडे वाकला. त्या मागं सरल्या.

"माझ्या पाया नको पडूस." त्यांनी तपासनिसाकडे बोट केलं. "त्यांच्यासमोर उभा राहा. पहिल्यापासून सांग. मोठ्यानं!"