कॉट मोकळी हाय का?

लाईट यायला अजून अवकाश आहे, तोवर काही मोटर चालू व्हायची नाही. सरका शेकोटीजवळ. कल्याणचं सांगतो. आपल्या वरच्या वस्तीवरचा कल्याण. हे त्यानं स्वतः मला सांगितलं, तेही एकदाच. पुन्हा विचारलं तेव्हा उठून गेला.

गेल्या आषाढातली दिव्याची अवस. गुरुवार होता. घरोघर दिवे घासूनपुसून पाटावर मांडलेले. कल्याणच्या बायकोनं, पंकजानं, दिव्यांपुढं हात जोडले आणि गरम पेजेचा डबा अन् एक चादर पिशवीत घालून त्याच्या हातात दिली. त्याची आई राहीबाई दुपारपासून सरकारी दवाखान्यात पडून होती. ताप हटत नव्हता, पेशी कमी झाल्या होत्या. जेवणवेळ टळल्यावर कल्याणनं मोटरसायकलला किक मारली.

दवाखान्याचं गाव मी सांगत नाही. नेवाशाकडून नगरला जाताना लागतं, एवढं पुरे. दवाखाना बांधला तेव्हा ते नुसतं बाजाराचं गाव होतं. पुढं कंपन्या आल्या, कॉलेज आलं, माळावर प्लॉट पडले, कुठकुठली माणसं येऊन राहिली. गाव वाढता वाढता पार हायवेला जाऊन भिडलं. दवाखाना मात्र होता तेवढाच राहिला. तेच दोन वॉर्ड, एक डॉक्टर, रात्रीला एकटी सिस्टर. त्यात तापाची साथ. एकेका कॉटवर दोन-दोन पोरं उलटसुलट निजवलेली. बाकीचे व्हरांड्यात सतरंज्यांवर, अन् सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना बांधलेल्या.

राहीबाई व्हरांड्यातच होती, वॉर्डाच्या दाराला लागून. आणि दारातून आत बघितलं की पहिलीच कॉट, पंख्याखालची. तिच्यावर लंकाबाई.

लंकाबाई म्हणजे अजिनाथची आई. अजिनाथची अन् कल्याणची बांधाला बांध लागून जमीन. दोघं एका वर्गातले. कल्याणनं बोअर घेतलं, तर नुसता फुफाटा उडाला. अजिनाथनं घेतलं, तर पाणी पुरुषभर उसळलं. अजिनाथच्या गाईला कालवड व्हायची, कल्याणच्या गाईला गोऱ्हा. कल्याणच्या घरात बसलं तरी खिडकीतून अजिनाथचाच हिरवा ऊस दिसायचा. बरं, माणूस वाईट म्हणावा, तर तसंही नाही. त्या दुपारी कल्याण कांदा घेऊन मार्केटला गेलेला. अजिनाथनं आपल्या आईबरोबर राहीबाईलाही गाडीत घातलं आणि दवाखान्यात आणलं. तिथं कॉट एकच मोकळी होती. लंकाबाईच्या नाकातून रक्त आलं होतं, म्हणून डॉक्टरनं तिला दिली.

यात कुणाचं काय चुकलं? पण कल्याण दारात उभा राहिला. एक म्हातारी पंख्याखाली, एक फरशीवर.  वैऱ्याचा हेवा माणूस सोसतो रे. उपकार करणाऱ्याचा सोसत नाही.

अजिनाथनं त्याचं तोंड बघितलं असावं. म्हणाला, "काकूला घटकाभर वर निजवू का? आई निजंल खाली."

"काय गरज न्हाई. आमाला सवय हाय जमिनीची."

अजिनाथनं गाडीची किल्ली काढली. मग म्हणाला, "मला नगरला जावं लागतंय. आईला पेशीची पिशवी लावायचीय, ती हितं मिळत न्हाई. तू हायेस ना हितं? बघशील आईकडं?"

"जा की. हाय मी."

अजिनाथ गेला. कल्याणनं आईला पेज पाजली. चार घोट घेऊन राहीबाईनं हात आडवा केला. "राहिलेली लंकाला दे. तिच्या तोंडाला लई कोरड पडलीय."

"ती झोपलीय," कल्याण म्हणाला. आत वळून न बघताच म्हणाला.

मध्यरात्र झाली. पोरांचं रडणं थांबलं. कुणी खोकायचं, कुणी कण्हायचं, बाकी शांत. सिस्टर पलीकडच्या वॉर्डात बाळंतिणीकडं गेली होती. कबूल केलंय म्हणून कल्याण आत येऊन लंकाबाईच्या उशाशी स्टुलावर बसला. अंगावर पंख्याचं वारं आलं तसा आणखीच जळायला लागला. असं वारं आपल्या आईला का नाही?

तेव्हा ती बाई दिसली.

साधीच बाई. पन्नाशीची असेल. केस चापून बांधलेले, काखेत गुंडाळलेली सतरंजी. डाव्या हातावर सलाईनची सुई चिकटपट्टीनं तशीच चिकटवलेली, नळी नुसती लोंबत होती. वॉर्डाच्या आतल्या टोकाकडून येत होती. एकेका कॉटशी थांबायची, वाकायची आणि हळू आवाजात विचारायची,

"ही मोकळी हाय का?"

कुणी जागं असलं की म्हणायचं, "न्हाई बाई." ती पुढं सरकायची. कल्याणला वाटलं, नवीन पेशंट असंल. एक गोष्ट नंतर त्याच्या ध्यानात आली. उत्तर सगळे देत होते, पण तिच्याकडं मान वर करून कुणीच बघत नव्हतं.

असं करत ती लंकाबाईच्या कॉटशी आली.

"ही मोकळी हाय का?"

"न्हाई."

ती हलली नाही.

"व्हईल का?"

 कल्याणची नजर दाराबाहेर गेली. राहीबाई कुशीवर वळायला बघत होती. उंबऱ्याला डोकं लागत होतं तिचं.

बाईनंही तिकडं बघितलं. "तुला बी पायजे व्हय?" कल्याण म्हणतो, इतक्या मायेनं त्याला त्या दिवशी कुणीच विचारलं नव्हतं.

त्याच्या तोंडून एकच शब्द गेला.

"व्हईल."

बाईनं मान हलवली. कल्याणला तिथं बसवेना. तो बाटली घेऊन उठला, बाहेरच्या नळावर गेला. तोंडावर पाणी मारलं. बाटली भरली. परत आला.

लंकाबाई खाली होती.

पडली असती तर आवाज झाला असता. शेजारचं पोर जागं झालं असतं. तसं काही नाही. ती फरशीवर सरळ निजवलेली होती. पदर सारखा केलेला, दोन्ही हात पोटावर जुळवलेले. सलाईनची नळी ताणली गेलेली, अन् तिच्यात रक्त उलटं चढलेलं. कॉटवरच्या चादरीवर... एक सुरकुती नव्हती.

कल्याण ओरडत पलीकडं पळाला. सिस्टर आली, डॉक्टर आला. नाडी बघितली. "हिला नगरला हलवा, आत्ताच्या आत्ता." अॅम्ब्युलन्स दारातच होती. कल्याणनं स्वतः स्ट्रेचरला हात लावला. अजिनाथला फोन केला, तू तिथंच थांब म्हणून सांगितलं. गाडी गेली. तिचा लाल दिवा वळणाआड होईपर्यंत कल्याण बघत राहिला.

मागून सिस्टर म्हणाली, "दादा, मावशींना घ्या वर. बेड रिकामा झालाय."

त्यानं आईला उचललं आणि कॉटवर ठेवलं. पंख्याचं वारं तिच्या तोंडावर आलं.

"ही लंकाची जागा हाय," राहीबाई म्हणाली.

"आता आपली हाय."

आणि पोरांनो, त्याला बरं वाटलं. तो लपवत नाही. उभ्या जन्मात अजिनाथचं काहीतरी पहिल्यांदा त्याच्याकडं आलं होतं.

तेवढ्यात लाईट गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. जनरेटर काही चालू झालं नाही. अवसेचा अंधार. डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. लांब, पार टोकाला, सिस्टरच्या मोबाईलचा उजेड हलत होता.

त्या उजेडाच्या आड, कॉटच्या पायथ्याशी कुणीतरी उभं होतं.

"मोकळी झाली ना..."

कल्याणनं चाचपत आईचा हात धरला.

"तू म्हन्ला हुतास. व्हईल म्हून."

"ही... ही माझी आई हाय."

"समद्यांचंच कोन ना कोन अस्तंय."

सतरंजी खाली टाकल्याचा आवाज आला. मग कॉट दबली. पायाकडनं. कुणी बसावं तशी... मग मधे दबली. राहीबाई कण्हली.

"कल्याण... गार लागतंय रं... कोन हाय?"

"कोन न्हाई, आई."

"मला सारतंय कोन तरी."

ती सरकत होती. चाचपलं, तर कुणाचा हात नाही, पाय नाही, कुणी धरलेलं नाही. नुसती कडेला सरकत होती. त्यानं तिला दोन्ही हातांनी दाबून धरलं. गडी पोत्यांची थप्पी लावणारा. तरी त्याला रेटेना. पलीकडून येणारा रेटा कमी होईना. राहीबाईचा श्वास लागला. मग... तुटायला लागला.

त्यानं रेटणं सोडलं. खाली हात घातले. आईला उचलली. लोकांच्या अंगावरून, पायांवरून ठेचकाळत बाहेर आला. सतरंजीवर ठेवली. तिचं डोकं मांडीवर घेतलं.

ती श्वास घेत होती.

मग तो दाराकडं वळला. आत काळं. काही दिसत नव्हतं.

"मोकळी हाय," तो म्हणाला. "नीज, बाई."

कॉट करकरली. एकदाच.

मग... काही नाही.

जरा वेळानं सिस्टर उजेड घेऊन आली. रिकामी कॉट बघितली. फरशीवरच्या कल्याणकडं बघितलं.  तिनं कॉटभोवती पडदा ओढला. बाहेर एवढी माणसं जमिनीवर, पण उजाडेपर्यंत ती कॉट तिनं कुणाला दिली नाही.

"कोन हाय ती?" कल्याणनं विचारलं.

सिस्टर हळू बोलली. "मी नव्हते तेव्हा. जुन्या सिस्टरनी सांगितलंय. कोरोनात बाहेर बाकड्यावर बसून होत्या. सगळ्यांना विचारत होत्या. शेवटी बेड मोकळा झाला, सिस्टर उठवायला गेल्या, तर..." ती थांबली. "त्यांनी विचारलं की आम्ही ‘नाही’ म्हणतो. तेवढं म्हटलं की पुढं जातात." मग तिनं कल्याणकडं नीट बघितलं. "तुम्ही काय म्हणालात, दादा?"

कल्याण आईच्या केसांवरून हात फिरवत राहिला.

लंकाबाई वाचली. नगरला पेशी चढवल्या, आणि राखीपौर्णिमेच्या आत घरी आली. अजिनाथ पेढे घेऊन आला. कल्याणचे दोन्ही हात धरून म्हणाला, "तू हुतास म्हून आई दिसली मला." कल्याणनं हात सोडवून घेतले. पेढा न खाताच ठेवून दिला. त्यानंतर त्याच्या तोंडून अजिनाथचं वाईट कुणी ऐकलं नाही. चांगलंही ऐकलं नाही. खिडकी मात्र त्यानं बंद करून टाकलीय.

राहीबाईही बरी झाली. हिंडती-फिरती झाली. घरात मोठा पलंग आहे, त्यावर ती एकटीच निजते. पण दवाखान्यातून आल्यापासून निजते ती अगदी कडेला, अंग चोरून. भिंतीकडची सगळी बाजू मोकळी.

पोळ्याच्या रात्री कल्याण पाणी प्यायला उठला. आईचा एक हात पलंगाखाली लोंबत होता.

"आई, मधी सरक. पडशील."

राहीबाईनं डोळे उघडले नाहीत.

"आता आनखी कुठं सरकू? तिला पुरत न्हाई."

कोणाला, हे कल्याणनं विचारलं नाही. दिवाही लावला नाही. आईच्या अंगावरून हात लांब केला, आणि पलीकडं अंथरुणावर ठेवला. तिथं कुणी नव्हतं.

अंथरूण गरम होतं.