गुरुवारचे चाळीस डबे

गाडी कुरुळीत शिरली तेव्हा निवृत्त हवालदार हिंदुराव भलतेच खुशीत होते. "मॅडम, चाकणचा रस्ता आज किती मोकळा! नशीब काढलंत."

खाजगी तपास करणाऱ्या मंजुषा भोंडवे शेजारी बसून फोटो पाहत होत्या. त्यांच्या हातात मागे बसलेल्या केसरबाईंचा फोन होता. केसरबाईंचं थेरगावात शिवणकामाचं दुकान. परगावाहून येऊन धंदा थाटलेल्या साठ बायकांचा त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. रोज सकाळी प्रत्येकीनं आपल्या कामाचा फोटो टाकायचा, म्हणजे सगळ्या सुखरूप आहेत हे कळतं, असा रिवाज.

"पूनमचा ब्लाउज द्यायला सकाळी इथं आले होते, तर मेसच्या कुलपावर ही धूळ," केसरबाई म्हणाल्या. "फोन उचलत नाही, पण फोटो येतायत. मला लक्षण बरं दिसत नाही, ताई."

पूनम लातूरकडची. नवरा गेल्यावर इथं येऊन कंपन्यांतल्या कामगारांना डबे पुरवायची. रविवारी तिच्या फोनवरून बंद शटरचा फोटो आला होता, 'आज सुट्टी.' आज सकाळी भरलेले चाळीस डबे, 'डबे निघाले.'

गाडी पूनमच्या मेसपाशी थांबली. समोरच्या मेसवाल्या शालनबाई पापड वाळत घालत होत्या. "शनिवारपासून दिसली नाही. आमचं पटत नव्हतं, खोटं कशाला बोलू? पण वाईट नाही चिंतलं कधी. आज सुट्टी, म्हणून ही कामं काढलीत."

जागामालक दादासाहेबांनी हात झटकले. "जागा खाली कर म्हनलो व्हतो, एवढंच. मागच्या कोठीचं नवं कुलूपबी आमचं न्हाई."

मेसच्या पायरीवर पूनमचा दीर ओंकार बसला होता. "शेताच्या कागदावर वहिनीची सही पायजे होती. शनिवारी पहिल्यांदाच इकडं आलो, तर वहिनीच गायब. मीबी तिलाच हुडकायलोय."

मागच्या बाजूला धप्प आवाज झाला.

"उंदीर असेल," हिंदुराव म्हणाले.

मंजुषांचा चेहरा पालटला. "हिंदुराव, ओंकारला धरा!"

हिंदुरावांचं डोकं सावकाश चालायचं, हात मात्र तयार होते.

"रस्ता का मोकळा होता?" मंजुषा म्हणाल्या. "आज गुरुवार. इथल्या कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. मग रविवारी सुट्टी आणि आज चाळीस डबे, असं पूनम कशी टाकेल? शालनबाई, दादासाहेब, दोघांनाही हे पक्कं ठाऊक आहे. तिच्या फोनमधले जुने फोटो टाकणारा इथं नवखा आहे. केसरबाई थेरगावच्या, त्यांचं दुकान रविवारीच बंद, म्हणून त्या फसल्या. आणि एरवी शेजारच्या कारखान्यातल्या प्रेस मशीनच्या धडधडाटात बुडणारा आवाज आज ऐकू आला."

ओंकारच्या खिशातून पूनमचा फोन निघाला, आणि नव्या कुलपाची किल्ली.

कोठीत दाराशी, पोत्यांमध्ये पूनम पडली होती. तोंडाला फडकं, हात बांधलेले, टाचा दारावर आपटून फुटलेल्या. शेजारी पाण्याची बाटली आणि शेताचा कागद. हिंदुरावांना आपल्या उंदराची लाज वाटली.

"सही नाही केली," फडकं सुटताच ती पुटपुटली. मग तिनं केसरबाईंकडे पाहिलं. "पाच दिवस... ग्रुपवर कुणालाच कळलं नाही?"

केसरबाईंनी मंजुषांच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. आजच्या फोटोखाली एकोणसाठ लाल बदाम होते. पहिला त्यांचाच होता.