पिवळा पंप आणि काळी पानं

"ए शेपट्या, पाय काढ! नकाशांवर उभा आहेस तू!"

"मी नाही उभा, नकाशेच माझ्या पायाखाली आले!"

टकळीनं कपाळावर हात मारला. धाकटा भाऊ असावा तर असा! आठ वर्षांचा झाला तरी बहिणीच्या मागे मागे फिरायचा, म्हणून त्याचं नाव शेपूट. आणि तिचं तोंड सकाळी डोळे उघडल्यापासून सुरू व्हायचं ते झोपेपर्यंत थांबायचं नाही, म्हणून ती टकळी. तिसरी मोजपट्टी, त्यांची मामेबहीण. तिला सगळं मोजून वहीत लिहायची खोड होती. आईच्या आमटीत फोडणीचे किती दाणे पडले तेही एकदा तिनं लिहिलं होतं, आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली होती.

सुट्टी नुकतीच लागली होती आणि आज बागांचा शनिवार होता. गल्लीत नऊ घरं आणि प्रत्येक घरामागे उंच भिंतीआड दडलेली एकेक बाग. वर्षभर तिथे कुणाला डोकावताही यायचं नाही. पण वसंतातल्या या शनिवार-रविवारी सगळी फाटकं उघडायची! अख्ख्या शहरातून लोक यायचे, नकाशा घ्यायचे, एकेका बागेत शिरायचे आणि "अगंबाई, या भिंतीमागे हे होतं होय!" असं म्हणत बाहेर पडायचे. नकाशावर शिक्का मारून द्यायचं काम या तिघांचं.

"ऐका हो ऐका!" गल्लीतून भोंगा गरजला. "फाटकं बरोबर अकराला उघडतील! ज्यांच्या कुंड्या रस्त्यात आहेत त्यांनी उचलाव्यात!"

हे अध्यक्षकाका, सहा नंबरवाले. बागसमितीचे अध्यक्ष झाल्यापासून भोंगा त्यांच्या गळ्यातून उतरला नव्हता. त्यांच्या बागेत कमानीवर चढलेला एक पिवळा गुलाब होता. आठ वर्षं त्यांनी तो जिवापाड जपला होता, आणि लोक खास तो बघायला यायचे.

तेवढ्यात दोन नंबरमधून किंकाळी ऐकू आली.

तिघंही धावली. दोन नंबर म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाईंचं घर. डॉक्टरीणबाई बागेच्या मधोमध तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. शेजारी टकळीची आत्या उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यात रक्ताचा थेंब उरला नव्हता.

"बाप रे!" टकळीच्या तोंडून एवढंच निघालं. तिचं बोलणं एवढ्यावर थांबलं, यावरून काय ते समजा.

काल संध्याकाळी हिरवागार असलेला गुलाबांचा ताटवा करपून गेला होता. पानं काळी पडून मुरगळली होती. कळ्यांनी माना टाकल्या होत्या. खालची छोटी फुलझाडं तर कुणी इस्त्री फिरवल्यासारखी जमिनीला चिकटली होती.

"सकाळी सहाला मी स्वतः फवारा मारला," आत्या पुटपुटली. "नुसतं पाणी होतं. पानांवरची धूळ जावी म्हणून."

आत्या बागकाम करायची. गल्लीतल्या दोन, तीन आणि चार नंबरच्या बागा तिच्याकडे होत्या, त्यावरच तिचं घर चालायचं. आणि गल्लीची एक पद्धत होती. सगळ्यांचा मिळून एक पिवळा फवारणीचा पंप. तो एरवी अध्यक्षकाकांच्या सामानाच्या खोलीत असायचा. बागा उघडायच्या दिवशी पहाटे तो भिंतीवरून हातोहात एका घरातून दुसऱ्या घरात जायचा आणि पानं धुतली जायची, म्हणजे लोक येतील तेव्हा बागा दव पडल्यासारख्या चमकाव्यात. या वर्षी पहिला मान आत्याचा होता.

"नुसत्या पाण्यानं असं होतं?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चिरकला. "काहीतरी भलतंच कालवलंत तुम्ही!"

"तीन नंबरमध्येही तसंच झालंय!" पलीकडून पियानो शिकवणाऱ्या बाई ओरडत आल्या. "निम्मी बाग गेली माझी!"

पाच मिनिटांत सगळी गल्ली गोळा झाली. जो तो आत्याकडे बघत होता, आणि अध्यक्षकाका भोंगा छातीशी धरून मान हलवत होते. "दोन आणि तीन, दोन्ही बागा एकाच माणसाकडे. आता आणखी काय सांगायचं? चार वाजता समितीची बैठक घेऊ आणि दुसरी व्यवस्था बघू."

डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला. "मागच्या फाटकाची किल्ली द्या."

सगळ्यांदेखत! बारा वर्षं आत्याच्या कमरेला असलेली ती किल्ली! आत्यानं ती काढून दिली. आत्याला कुणी असं बोलू शकतं हेच टकळीच्या डोक्यात शिरत नव्हतं. आणि आत्या उलटून का बोलत नाही, याचा तर तिला रागच आला.

"मी फक्त पंप कुलपात ठेवते," आत्या म्हणाली. "त्याला कुणी हात लावायचा नाही." आणि ती निघून गेली.

चार वाजायला साडेचार तास होते. फाटकांवरचे शिक्के दोन मोठ्या मुलांच्या गळ्यात टाकून तिघं चार नंबरच्या भिंतीला टेकून बसली.

"आत्यानं काही कालवलेलं नाही," टकळी म्हणाली. "मी शपथेवर सांगते!"

"शपथ नको, वही बघ." मोजपट्टीनं पान उघडलं. तेवढ्यात ती तिन्ही बागा मोजूनही आली होती! "दोन नंबर: जवळजवळ सगळं काळं. तीन नंबर: निम्मं. चार नंबर: पानांवर नुसते ठिपके. आत्यानं याच क्रमानं फवारलं, आणि प्रत्येक घरी पंपात नवीन पाणी भरलं. चार नंबरच्या पुढे पंप गेलाच नाही."

"मग?"

"मग काय? ती प्रत्येक ठिकाणी काही घालत असती तर सगळीकडे सारखंच झालं असतं. हे तर पातळ होत गेलंय. म्हणजे पंप हातात आला तेव्हाच त्याच्या तळाशी काहीतरी होतं!"

टकळी उभीच राहिली. "पण पंप तर अध्यक्षकाकांकडे..."

टक्. टक्. शेपूट भिंतीवर गोटी आपटत बसला होता.

"थांबव ते! डोकं चालू दे जरा. आणि ही निळी गोटी तर तू हरवली होतीस ना?"

"सापडली," शेपूट म्हणाला. "गेल्या रविवारी आपण काकांकडे सहा नंबरची पाटी लावायला गेलो होतो ना, तेव्हा फरश्यांच्या फटीतल्या गवतात गेली होती. तेव्हा किती शोधली! आज सकाळी नकाशे द्यायला गेलो तर समोरच पडली होती. आता तिथे गवतच नाहीये. सगळं जळून तपकिरी झालंय."

दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं.

"शेपट्या!" टकळी किंचाळली. "हे तू आत्ता सांगतोस?"

"तू बोलायचं थांबतेस कधी?"

सहा नंबरमध्ये गर्दी उसळली होती. पिवळ्या गुलाबाखाली लोक फोटो काढत होते. तिघं थेट अध्यक्षकाकांपुढे जाऊन उभी राहिली.

"काका, फरश्यांमधलं गवत कशानं मेलं?" टकळीनं विचारलं.

काकांनी एकदा फरश्यांकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं. "ते? ते मी हातानं उपटलं. चला, मोठ्यांच्या भानगडीत लहानांनी पडू नये."

आणि ते पाठ फिरवून गेले.

मोजपट्टी वाकली. फटीत वाळक्या काड्या अजून घट्ट रुतून होत्या. उपटलं असतं तर त्या तिथे राहिल्याच नसत्या!

टकळीनं एक काडी ओढून बघितली. काका खोटं बोलले? भोंग्यातून सगळ्यांना शिस्त शिकवणारे काका? घसा खाकरल्याशिवाय चहासुद्धा न मागणारा मोठा माणूस तोंडावर खोटं बोलला, आणि आत्याची कामं जात असताना बोलला! पानं काळी झालेली बघून बसला नव्हता एवढा धक्का तिला आता बसला.

"आईला सांगूया?" शेपूट हळूच म्हणाला.

"कोण विश्वास ठेवेल?" टकळी म्हणाली. मग तिचे डोळे चमकले. "काकांकडूनच वदवून घेऊ. पियानोबाई खिडक्या कशानं धुतात रे?"

"पंपानं," मोजपट्टी म्हणाली. "तसाच पिवळा! त्यात कधी पाण्याखेरीज काही गेलेलं नाही!"

पियानोबाई आधी नाही म्हणाल्या. मग मोजपट्टीची वही त्यांनी वाचली, परत वाचली, आणि पंप काढून दिला. त्या स्वतःही मागोमाग निघाल्या आणि डॉक्टरीणबाईंना हाताला धरून घेऊन आल्या.

सहा नंबरमध्ये गर्दीतून वाट काढत टकळी थेट कमानीखाली जाऊन उभी राहिली. खटाखट दांडा मारून तिनं पंपात हवा भरली.

"काका!" ती खणखणीत आवाजात ओरडली. "तुमचा गुलाब फारच धुळकट झालाय हो! आपल्या गल्लीच्या पद्धतीप्रमाणे धुऊन देऊ का?"

काका वळले. पिवळा पंप, पिवळा गुलाब, आणि पंपाचं तोंड गुलाबाकडे!

"थांब!" काका ओरडले. "मारू नकोस! त्यात गवत मारायचं औषध आहे! मी तो नीट धुतलेला नाही!"

आणि भोंगा चालूच होता. गळ्यातला भोंगा! "धुतलेला नाही... नाही..." असं गल्लीच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

एका बाईंचा फोटो काढायला उचललेला हात तसाच वर राहिला.

टकळीनं पंप फिरवला आणि शेपटाच्या डोक्यावर फवारा सोडला.

"अरे देवा!" काकांनी डोळे मिटले.

"गुदगुल्या होतात!" शेपूट खिदळला.

"हा माझा खिडक्यांचा पंप," पियानोबाई म्हणाल्या. "यात नुसतं पाणी आहे. पण तुम्ही आत्ता काय म्हणालात, अध्यक्ष?"

काका खुर्चीत कोसळलेच. "बुधवारी फरश्यांवर औषध मारलं. पंप एकदा विसळला आणि ठेवून दिला. आज पानं काळी दिसली तेव्हाच माझ्या लक्षात आलं. पण एवढ्या लोकांत... मला लाज वाटली."

"आणि आत्याला नाही वाटली लाज? सगळ्यांदेखत?" टकळी ओरडली. पाणी आलं डोळ्यांत, आणि ते तिनं पुसलंही नाही.

तोवर भोंगा ऐकून आत्या दारात येऊन पोचली होती. डॉक्टरीणबाई तिच्यापाशी गेल्या आणि किल्ली पुढे केली. आत्यानं ती घेतली नाही.

"एकदा विचारायचं तरी होतं, डॉक्टर. बारा वर्षांत एकदा."

डॉक्टरीणबाईंची मान खाली गेली. "चुकलं माझं. पुष्कळ चुकलं. मला माफ करा."

मग कुठे आत्यानं किल्ली घेतली आणि कमरेला अडकवली. "मुळं जिवंत आहेत. वरचं जाईल, खालून फुटेल. पण आजपासून तीन दिवस रोज पानं कापावी लागतील." तिनं काकांकडे बघितलं. "हातमोजे घालून या. उद्या सहाला."

"येतो," अध्यक्षकाका म्हणाले. त्यांनी गळ्यातला भोंगा काढला आणि तोंडाशी नेला. या वेळी मात्र जरा हळूच. "लोकहो, दोन, तीन आणि चार नंबरची पानं माझ्यामुळे जळली. बागवाल्या ताईंचा काहीही दोष नाही. मी हे फाटकावर लिहून लावतो."

रविवारी सगळ्यांत जास्त गर्दी जळलेल्या बागांतच झाली. आत्या कातरी चालवत लोकांना कुठून कोंब फुटेल ते दाखवत होती. काका टोपली धरून उभे होते, आणि प्रत्येक नव्या माणसाला आपली चूक आपल्याच तोंडानं सांगत होते.

संध्याकाळी समितीनं मुलांना बोलावलं. डॉक्टरीणबाई सगळ्यांपुढे म्हणाल्या, "आम्ही नऊ घरची मोठी माणसं. ओरडलो सगळे, पण बागेत जाऊन पानं मोजली ती या मुलांनी. शाबास गं पोरींनो!"

"आणि शेपूट?" शेपूट म्हणाला.

"तुझ्या गोटीला शाबासकी!" टकळी म्हणाली.

आत्यानं कमरेची किल्ली काढली आणि टकळीच्या हातात ठेवली.

"उद्या पहाटे दोन नंबरचं फाटक तू उघड."

आणि काय सांगू, घरी पोचेपर्यंत टकळीनं एक अक्षर काढलं नाही! मोजपट्टीनं तेही वहीत लिहून ठेवलं: सतरा मिनिटं.